एक पुस्तक पाहणे बाकी

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ग्लिनिस आल्मेडाने कॉलेजच्या ग्रंथालयातल्या लांब टेबलावर आपली बॅग रिकामी केली. पाण्याची बाटली निघाली, चार्जर निघाला, निबंधाच्या तीन प्रती निघाल्या. तळाशी शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असायला हवी होती. तिथून निघाला दोदोलाने, म्हणजे नाताळच्या गुळ-नारळाच्या मिठाईने, गच्च भरलेला चौकोनी पत्र्याचा डबा. डबा स्मरणिकेएवढाच रुंद होता आणि वजनालाही जवळपास तेवढाच, त्यामुळे सकाळच्या एसटीत बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या ग्लिनिसला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

दुपारी तीनला पुरस्कार समिती येणार होती.

ग्रंथालय संशोधन पुरस्काराचं हे दुसरं वर्ष. कॉलेजच्या ग्रंथालयातली साधनं वापरून पदवीच्या विद्यार्थ्याने केलेल्या उत्तम संशोधनाला तो देतात. त्यात चषक नाही आणि पाकीटही नाही. विजेत्याचा निबंध कापडी बांधणीत बांधतात, इतर पुस्तकांसारखा त्याला दाखल क्रमांक देतात, त्याचं कार्ड करून खणात लावतात आणि प्रत कपाटात ठेवतात. पुस्तकांची सूची केव्हाच संगणकावर गेली होती, पण ग्रंथपाल भार्गवी सामंत यांनी कार्डांचे लाकडी खण हलवू दिले नव्हते. वीज गेल्यावर तुमचा संगणक काय सांगतो ते मला सांगा, एवढंच त्या म्हणायच्या, आणि समुद्रकाठच्या त्या तालुक्यात वीज पुरेशा वेळा जात असल्याने विषय तिथेच मिटायचा.

पुरस्काराचा एकच कडक नियम होता. निबंधात ज्याचा आधार घेतला ते प्रत्येक पुस्तक आणि प्रत्येक अंक विद्यार्थ्याने लांब टेबलावर मांडायचा. परीक्षक वाटेल ते उचलणार, वाटेल ते पान उघडणार आणि विचारणार की इथून काय घेतलंस आणि इथलं काय सोडलंस. मोबाइलमधला फोटो चालत नाही, झेरॉक्स चालत नाही. जे टेबलावर नाही ते निबंधातून वगळायचं. पहिल्या वर्षी एका मुलाने कधी न पाहिलेल्या ग्रंथांची भलीमोठी यादी जोडली होती. त्यातला एक तर ग्रंथालयात नव्हताच. हा नियम सामंत मॅडमनी त्या धड्यावरून केला होता.

ग्लिनिसला हा पुरस्कार हवा होता, आणि कशासाठी हे तिने कोणापासून लपवलं नव्हतं. पहिल्या वर्षाला असताना तिने सहज म्हणून आपल्या गावाचं नाव त्या लाकडी खणात शोधलं होतं. ‘खगोलशास्त्र’ झालं की थेट ‘खाडीतील मासे’. मध्ये खाजणवाडी नव्हती. माशांना कार्ड आहे आणि आम्हाला नाही, असं तिने मॅडमना ऐकवलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, मग लिही काहीतरी.

तिने लिहिलं ते गावपळणीवर. खाजणवाडीत दर चार वर्षांनी मार्गशीर्षात पळण होते. नौबत वाजली की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री असा सगळा गाव वेशीबाहेर पडतो. देवळातला दिवा शांत होतो, चॅपेलची घंटा बांधून ठेवतात. घाडी, गुरव, आल्मेडा, लोबो, कोणी मागे राहत नाही. माळावर नारळाच्या झापांच्या खोपी उभारून तीन रात्री काढायच्या. मग वेशीवरच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावून देवाचा कौल घ्यायचा. उजवीकडची पाकळी पडली तर घरी जायचं, डावीकडची पडली तर आणखी एक रात्र बाहेर. तोपर्यंत वेशीच्या आत कोणाचं पाऊल पडत नाही.

पळणीवर लिहिणारे श्रद्धेवर लिहितात, नाहीतर मौजमजेवर. ग्लिनिसला प्रश्न पडला होता तो निराळा. गाव बाहेर असताना पोस्टमन टपाल कुठे देतो? दुधाची गाडी कुठे थांबते? शाळा भरते का? सरकारच्या लेखी गाव त्या तीन दिवसांत असतो तरी कुठे? दोन वर्षं तिने ग्रंथालयातले ‘खाडीकाठ’ या जुन्या साप्ताहिकाचे बांधीव खंड चाळले, जिल्ह्याचं गॅझेटियर वाचलं, दूध संस्थेचे अहवाल पाहिले. निबंधाचा कणा मात्र तिसऱ्या भागात होता आणि तो सगळा त्या स्मरणिकेवर उभा होता. स्मरणिकेची प्रत तालुक्यात एकच उरली होती, ती या ग्रंथालयात. तिच्यावर तांबडा शिक्का होता, ‘संदर्भ’. म्हणजे ती घरी नेता येत नाही. गेल्या शनिवारी पान क्रमांक तपासायला म्हणून मॅडमनी ती आपल्या सहीवर ग्लिनिसला नेऊ दिली होती.

ग्लिनिसने व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला. माळावर एका काजूच्या झाडाखाली तेवढी रेंज येते, त्यामुळे फोन आधी लोबोंच्या सुनेने उचलला, मग कोणीतरी हाका मारल्या, मग जॅनेट आल्मेडा आली. मंगळवारी नौबत वाजायच्या आधी सामान बांधलं ते तिनेच, ग्लिनिसची ही बॅगसुद्धा. ग्लिनिस कॉलेजातून परस्पर माळावर पोचली होती.

“मम्मा, स्मरणिका खंय आसा?”

“घराक,” जॅनेट म्हणाली. आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. “आल्तारार, सायबिणीच्या पायांकडे. नव्या टेबलक्लॉथात गुंडाळून ठेवलंय. रानात दंव पडता, शेळी आसा, पोरां आसत. लायब्ररीचां पुस्तक मां तां? आपलां असतां तर हाडलां असतां.”

ग्लिनिसने व्हरांड्याच्या कठड्यावर कपाळ टेकलं.

“दोदोल मॅडमांक दिलंस?” जॅनेटने विचारलं. “पुस्तक दिल्यानी म्हणान केल्लंय. नाताळापर्यंत थांबूक नाय.”

घर तर असं की कुलूपसुद्धा लावलेलं नव्हतं. पळणीत कोणी लावत नाही. दार लोटलं की मेरीमातेचा आल्तार, घरातला देव्हारा, समोरच. पण त्या दाराआधी वेस होती.

ग्लिनिस आत गेली आणि जे झालं ते सामंत मॅडमना आडपडदा न ठेवता सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी दोदोलाचा डबा उघडला, वास घेतला आणि ग्रंथालयात खायला बंदी असल्याने तो आपल्या खणात ठेवला. मग त्या म्हणाल्या की पुस्तक बाहेर द्यायची चूक माझी आहे, ती मी समितीला सांगेन. नियमही माझाच आहे, आणि तो मी वाकवणार नाही. आज तुझ्यासाठी वाकवला तर तुझ्या कार्डाला काय किंमत राहील, हे तूच मला सांग.

ग्लिनिसला ते पटलं, हीच खरी पंचाईत होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शिवा मांजरेकर आपली पुस्तकं मांडत होता. तो तिसऱ्या वर्षाचा वाणिज्यचा विद्यार्थी. रेडी बंदरातली लोहखनिजाची वाहतूक वाढली आणि घटली तशी गावातली दुकानं कशी बदलली, हा त्याचा विषय. अंतिम फेरीत दोघंच उरले होते. त्याने सगळं ऐकलं होतं. तो सरकत जवळ आला आणि हळूच म्हणाला की माझी बाइक बाहेर आहे.

“माळाच्या पाठसून एक वाट आसा. अर्ध्या तासात पुस्तक हयसर. कोण बघतलो?”

“माझ्या निबंधाचां दुसरां पान वाचलंस?” ग्लिनिस म्हणाली. “पळणीच्या काळात कोणी आत गेल्याची नोंद सापडत नाही.”

“मगे?”

“मगे आज सापडतली.”

शिवा हसला. पुस्तक नाही म्हणून तुझ्याविरुद्ध जिंकण्यात मजा नाही, म्हणून विचारलं, असं म्हणून तो आपल्या खनिजाकडे परत गेला.

तीनला दहा कमी असताना समितीचे अध्यक्ष गुरुप्रसाद कुबल ओरोसहून एसटीने येऊन पोचले. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. सही करण्याआधी पेनाचं टोपणसुद्धा तपासून बघतात, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. त्यांच्यासोबत प्राचार्य बसले आणि तिसऱ्या खुर्चीत सामंत मॅडम. बसायच्या आधीच त्यांनी स्मरणिका बाहेर दिल्याची चूक कबूल करून टाकली. कुबल सरांनी मान हलवली.

शिवाचं काम चोख झालं. कुबल सरांनी त्याची चार पुस्तकं उचलली, चारही ठिकाणी त्याला नेमकं उत्तर देता आलं.

मग ते ग्लिनिसच्या टोकाला आले. ‘खाडीकाठ’चे खंड ओळीने लावलेले होते. मध्ये एक जागा मोकळी होती, स्मरणिकेएवढी. त्या जागेवर सामंत मॅडमनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती : वेशीच्या आत.

“हे पुस्तक कुठे आहे?” कुबल सरांनी विचारलं.

“वेशीच्या आत, सर.”

“आणायला किती वेळ लागेल?”

“देवाला विचारावं लागेल.”

प्राचार्यांना खोकला आला. कुबल सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले की मग पुस्तकात काय आहे ते तरी सांग.

ग्लिनिसने सांगितलं. एकोणीसशे एकाहत्तर सालच्या पळणीत शाळेची वार्षिक तपासणी आली. तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याला तेव्हा गावात दिपोटीसाहेब म्हणत. साहेब लाँचने खाडी ओलांडून वेशीपर्यंत आले तर आत गाव रिकामा. शाळा सापडली माळावर, आंब्याखाली. साहेबांनी हजेरीपत्रक मागितलं. ते शाळेच्या कपाटात, म्हणजे वेशीच्या आत. ते आणू का म्हणून गावाने देवाला कौल लावला. देवाने नकार दिला. साहेबांनी मग पोरांना आंब्याखाली रांगेत बसवलं, पाढे विचारले, कविता म्हणून घेतली, डोकी मोजली आणि शेरा लिहिला : शाळा वेशीबाहेर भरलेली आढळली. प्रगती समाधानकारक. हजेरीपत्रक पाहणे बाकी.

शिवासुद्धा आपली पुस्तकं सोडून ऐकत होता.

“सर,” ग्लिनिस म्हणाली, “माझा तिसरा भाग तेवढाच आहे. गाव बाहेर असला की काम थांबत नाही, काम वेशीवर जातं. मी पुस्तक आणू शकत नाही. पण उद्या साडेचारला कौल आहे. तुम्ही वेशीवर येऊ शकता.”

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. निकाल शनिवारी सकाळी अकराला, स्नेहसंमेलनात जाहीर व्हायचा होता. पत्रिका छापून झाल्या होत्या. कुबल सरांनी सामंत मॅडमना विचारलं की नियमाला याची हरकत आहे का. मॅडमनी बराच विचार केला. मग म्हणाल्या की पुस्तक परीक्षकांच्या हातात पडलं पाहिजे, नियम एवढंच मागतो. टेबलाला पाय आहेत, ते कुठेही जातं.

ठरलं ते असं : समिती शुक्रवारी वेशीवर जाणार. शनिवारी अकराच्या आत स्मरणिका सरांच्या हातात पडली तर निबंध पूर्ण धरायचा. नाही पडली तर तिसरा भाग वगळायचा, आणि मग रेडीचा निबंध पुढे आहे, हे सरांनी दोघांच्याही तोंडावर सांगून टाकलं. निघताना त्यांनी ग्लिनिसला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली, तिकडे जेवायला काय असतं.

शुक्रवारी दुपारी चारला कॉलेजची जीप खाजणवाडीच्या माळावर पोचली. टपावर ग्रंथालयाचं घडीचं टेबल बांधलेलं होतं आणि मागे ‘खाडीकाठ’चे खंड, गॅझेटियर आणि दूध संस्थेचे अहवाल चादरीत गुंडाळून ठेवलेले. मांडणी करायची तर पूर्ण, असा मॅडमचा आग्रह. शिवा जीपमागून बाइकवर आला होता. आपण हरतोय की जिंकतोय ते समोर उभं राहून बघावं, असं त्याचं म्हणणं होतं.

माळावर जत्रा भरली होती. झापांच्या खोपी ओळीने उभ्या होत्या, तीन दगडांच्या चुलींवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या तक्रार करत होत्या. लोबोंच्या खोपीसमोर बायका नाताळच्या गाण्यांची तालीम करत होत्या आणि दशावतारात काम करणारा एक घाडी त्यांना मृदंगावर साथ देत होता. गाणं कोकणी, ठेका दशावताराचा. दोघांनाही वावगं वाटत नव्हतं. जॅनेटने समितीला पाहिलं आणि पदर खोचून पुढे आली. पुस्तक सुखरूप आहे, काळजी करू नका, आपण स्वतः ठेवलं आहे, असं तिने कुबल सरांना तीनदा सांगितलं. सामंत मॅडमनी तिला दोदोल फार छान झाल्याचं सांगितलं. ग्लिनिसने आभाळाकडे पाहिलं.

टेबल त्याच आंब्याखाली मांडलं. पलीकडे दहा पावलांवर वेस, म्हणजे एक जुना दगडी बांध आणि मधोमध शेंदूर लावलेला पाषाण. बांधापलीकडे रस्ता सरळ गावात गेलेला. आल्मेडांच्या घराची कौलं इथून दिसत होती.

ग्रंथालयात समोर तीन माणसं होती, इथे सगळा गाव होता. ग्लिनिसने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच परिच्छेदाला गावाने तोंड घातलं. दुधाची गाडी चिंचेकडे थांबायची की पुलाकडे, यावर दोन घरांत वाद लागला. पोस्टमन एकदा मनीऑर्डर घेऊन माळभर फिरला आणि शेवटी पोटभर जेवून गेला, ही गोष्ट चौघांनी चार तऱ्हांनी सांगितली. कुबल सर सगळं टिपून घेत होते. मध्येच त्यांनी ‘खाडीकाठ’चा एक खंड उचलला, एक पान उघडलं आणि ग्लिनिसला विचारलं की इथलं काय सोडलंस. तिने सांगितलं की या पानावर पळण बंद करा अशी मागणी करणारं पत्र आहे, ते सोडलेलं नाही, पहिल्या भागात घेतलं आहे, फक्त लिहिणाऱ्याचं नाव गाळलं आहे, कारण त्यांचा नातू आत्ता तुमच्यामागे उभा आहे. नातू पुढे आला आणि म्हणाला, नाव घाल गो, आजो तसोच होतो.

तिसरा भाग आला. दिपोटीसाहेबांची गोष्ट वाचून होते न होते तोच हरिश्चंद्र घाडी उभे राहिले. गावाचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्या वर्षी ते दुसरीत होते आणि याच आंब्याखाली बसले होते.

“माका सायबान दोनदा मोजल्यान,” ते म्हणाले. “मी झाडाच्या पाठसून जावन परत रांगेत बसलंय.”

गाव हसला. हरिश्चंद्र हसू ओसरेपर्यंत थांबले.

“पण बाय, एक सांगतंय. देवान नाय म्हणूक नाय. पाकळी पडाकच नाय. कौल लागलोच नाय. सायबाची लाँच सुटत होती म्हणान तो शेरो लिवन गेलो.”

ग्लिनिसच्या हातातला कागद खाली आला. नकार मिळणं आणि उत्तरच न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिच्या निबंधात लिहिलं होतं, देवाने नकार दिला.

कुबल सरांनी चष्मा काढला. “स्मरणिकेत नेमकं काय लिहिलंय?”

सगळा गाव तिच्याकडे बघत होता. ग्लिनिसने डोळे मिटून ते पान आठवायचा प्रयत्न केला. डावीकडचा आंब्याचा फोटो आठवला, खाली मुख्याध्यापकांची सही आठवली. वाक्य आठवेना. ‘हजेरीपत्रक मिळू शकले नाही’ असं होतं, की ‘नकार’ होता? नकार हा शब्द पुस्तकाचा होता, की रात्री लिहिताना आपल्याच हातून गेला?

सरळ ‘नकार’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पुस्तक इथे नव्हतं आणि हरिश्चंद्र घाडी तेव्हा दुसरीत होते.

“मला आठवत नाही, सर,” ती म्हणाली. “शब्द माझा असू शकतो. पुस्तक पाहायला हवं.”

सामंत मॅडमनी श्वास सोडला. कुबल सरांनी चष्मा पुसून परत लावला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. सामंत मॅडमकडे वळून ते म्हणाले की तुमचा नियम मला काल जरा जाचक वाटला होता, आज वाटत नाही.

साडेचार वाजले. महादू गुरवाने पाषाण धुतला आणि उजव्या-डाव्या बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. हरिश्चंद्र हात जोडून उभे राहिले आणि गाऱ्हाणं सुरू झालं. बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तीन रात्री भायर रवली, गुरांढोरां, पोरांबाळां सांभाळलंस. गावाने एका आवाजात म्हटलं, व्हय म्हाराजा. आता घराक जावची आज्ञा होया. व्हय म्हाराजा. ओठ हलवणाऱ्यांत प्राचार्यही होते.

वारा पडला होता. सगळे पाषाणाकडे बघत होते. डावीकडची पाकळी सरकली, लोंबली आणि खाली पडली.

आणखी एक रात्र. पोरांनी जल्लोष केला. दोघांतिघांनी तर गवतात कोलांट्या घेतल्या. बायकांनी रात्रीच्या भाताचा हिशेब सुरू केला. पुढचा कौल उद्या साडेचारला, स्नेहसंमेलनाच्या अकरानंतर साडेपाच तासांनी. ग्लिनिसने मनातल्या मनात तो हिशेब केला आणि ती टेबलाशी जाऊन खंड आवरायला लागली. शिवा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

तेवढ्यात जॅनेट पुढे आली. ती हरिश्चंद्रांना म्हणाली की गाव नाही तर नाही, पुस्तकापुरतं विचारा. हरिश्चंद्र म्हणाले की मागल्या वेळी हजेरीपत्रकाचं विचारलं तेव्हा काय झालं ते आत्ताच सांगितलं ना. जॅनेट म्हणाली, तेव्हा साहेबाला लाँच पकडायची होती.

“हे सायब खंय जावचे नाय. त्यांका जेवान होया आसा.”

कुबल सरांनी होकार भरला. शेवटची एसटी गेली तरी चालेल असं ते म्हणाले, आणि तिखलं कुठल्या चुलीवर आहे ते त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं.

हरिश्चंद्रांनी महादू गुरवाकडे पाहिलं. गुरवाने खांदे उडवले आणि नव्या पाकळ्या भिजवल्या. दुसरं गाऱ्हाणं आखूड होतं. बा देवा म्हाराजा, ह्या आल्मेडांच्या चेडवाचां पुस्तक घराक रवलां, आवयशीन आल्तारार ठेवलां, चूक नाय, भलेपण आसा. व्हय म्हाराजा. तां लोकांचां पुस्तक आसा, एकान जावन हाडूची आज्ञा होया. व्हय म्हाराजा. या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज शिवाचा होता.

उजवीकडची पाकळी हलली. खालचं टोक सुटलं, वरचं चिकटून राहिलं. डावीकडची जागची हलली नाही.

गावाची रीत अशी की पाकळ्या लावल्या की एक पडेपर्यंत पाषाणासमोरून निघून जायचं नाही. दिपोटीसाहेबांना ती माहीत नव्हती. या समितीला ग्लिनिसने ती समजावून सांगितली, आणि मग सगळे तिथेच गवतात बसले. मॅडमनी सोबत आणलेल्या पत्र्याच्या डब्यातला उरलेला दोदोल फिरला. लोबोंकडच्या बायकांनी तालीम पुन्हा सुरू केली, मृदंग आपला आपण येऊन मिळाला. कोणी शिंकलं तर शिवा त्याला दटावत होता आणि पाषाणाजवळ जाऊन फुंकर मारू पाहणाऱ्या पोरांना लांब ठेवत होता. जॅनेटने सरांच्या पुढ्यात केळीच्या पानावर भात आणि तिखलं आणून ठेवलं. सरांनी तक्रार केली नाही, दुसऱ्यांदा भात मागितला.

जेवून हात धुतल्यावर त्यांनी ग्लिनिसच्या निबंधाची प्रत मागून घेतली आणि शेवटच्या पानावर पेनाने शेरा लिहिला. तो त्यांनी तिला वाचून दाखवला. निबंध वेशीबाहेर तपासला. काम उत्तम. एक पुस्तक पाहणे बाकी.

सामंत मॅडमनी पर्समधून एक कोरं सूचीकार्ड काढलं. ते त्या कॉलेजातून निघतानाच घेऊन आल्या होत्या. मांडीवर ठेवून त्यांनी त्यावर पेन्सिलने लिहिलं : खाजणवाडी. खाली, ग्लिनिस आल्मेडा. दाखल क्रमांकाची जागा त्यांनी रिकामी ठेवली आणि कार्ड परत पर्समध्ये टाकलं. ग्लिनिसने ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. तिचं लक्ष पाषाणाकडे होतं. तिला कार्ड हवं होतंच, पण आत्ता, या घडीला, त्याहून जास्त तिला ते एक वाक्य वाचायचं होतं.

सूर्य खाडीपलीकडे उतरला. बांधापलीकडच्या रस्त्यावर कोणी नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातपर्यंत उजवीकडची पाकळी एका टोकाने पाषाणाला चिकटून होती.